लाल दिव्याचं विरजण

आज गाडीत बसाल तेव्हा एक करून बघा. किल्ली एकदम शेवटपर्यंत फिरवू नका, निम्म्यावर थांबा. समोर दिव्यांची जत्रा भरेल. त्यात एक लाल दिवा असतो, बॅटरीच्या चित्राचा: छोटी पेटी आणि तिच्यावर दोन शिंगं. मग इंजिन सुरू करा. तो दिवा जाईल. तो गेला की आपण निघतो आणि पुन्हा त्याची आठवण काढत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाडीला आता किल्लीच नाही, बटण आहे. काहींची तर अख्खी गाडीच बॅटरी आहे. त्यांनी पुढचं नुसतं ऐकावं.

मी हा दिवा हजारो गाड्यांत बघितला असेल. पण तो काय करतो याचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. दुसरं काही लिहायची माझी लायकी नाही, आणि हे तरी नीट जमेल का याची धाकधूक आहेच.

मी सुनील, ऑटो इलेक्ट्रिशियन. आठवीत शाळा सोडली आणि इस्लामपूरला रज्जाकचाचांच्या हाताखाली लागलो. स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. सेल्फ, डायनामो, वायरिंग, हॉर्न, सगळं तिथंच व्हायचं. पुढं लग्न झालं ते नर्सशी. सुनीताला ट्रलीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग मीही आयर्लंडात आलो, नवऱ्याच्या कोट्यातून. विमानात ती इंग्रजीतून चहा मागत होती आणि मी खिडकीतून बघत विचार करत होतो, आपण इथं करणार काय?

डब्लिनला मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की आम्ही चार-पाच तास मोडून येतो. मागच्या वेळी क्लोनडॉकिनच्या हॉलमध्ये फराळाच्या रांगेत एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मी म्हटलं, "डोनलच्या." ते म्हणाले, "अच्छा, फार्मा का?" मी म्हटलं, "नाही, पंक्चरपण काढतो." ते इतकं मनापासून हसले आणि मग इतके प्रश्न विचारत बसले की त्यांची चकली मऊ पडली. हा लेख त्यांनीच लिहायला लावला. त्यांचे आभार. चुकलंमाकलं तर तेही त्यांच्याच खात्यावर.

डोनल म्हणजे माझा मालक. ट्रलीच्या पश्चिमेला, समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या पट्टीत त्याचं गॅरेज आहे. गावात एक चर्च, एक दुकान, दोन पब आणि डोनल. मी पहिल्यांदा काम मागायला गेलो तेव्हा तोंडातून धड वाक्य निघेना. त्यानं माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातला एक बंद पडलेला ट्रॅक्टर दाखवला आणि म्हणाला, "त्याच्याशी बोल. त्यालाही इंग्रजी येत नाही."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगतो.

गाडीतली बॅटरी म्हणजे घरातली पाण्याची टाकी. ती पाणी तयार करत नाही, साठवते. भरण्याचं काम पंपाचं. गाडीतला हा पंप म्हणजे अल्टरनेटर. इंजिन पट्ट्यानं त्याला फिरवतं आणि तो करंट तयार करून बॅटरी भरत राहतो. फार जुन्या गाड्यांत त्याच्या जागी डायनामो असायचा. काम तेच.

पण यात एक गंमत आहे. करंट तयार व्हायला आत चुंबक लागतो. आणि तो चुंबक कायमचा नसतो, तारेच्या गुंडाळीतून करंट सोडला की तेवढ्यापुरता तयार होतो. म्हणजे बघा, करंटसाठी चुंबक पाहिजे आणि चुंबकासाठी करंट पाहिजे. मग पहिला करंट येणार कुठून?

रज्जाकचाचा हे एका वाक्यात सांगायचे, "दही कशानं लागतं? दह्यानं."

विरजण लागतं. चमचाभर. जुन्या गाडीत हे विरजण त्या लाल दिव्यातून येतं. किल्ली फिरवली की बॅटरीतला करंट त्या इवल्याशा बल्बमधून अल्टरनेटरकडे जातो. जाता जाता बल्ब पेटतो, आणि पलीकडे चुंबक जागा होतो. इंजिन फिरायला लागलं की अल्टरनेटर स्वतःचा करंट करू लागतो, उसना चमचा नको म्हणतो, आणि दिवा विझतो. आपल्याला वाटतं दिवा नुसता खबर देतो. अहो, तो खबऱ्या नाही, तो विरजण घालून जाणारा आहे. नखाएवढा बल्ब!

डोनलच्या त्या ट्रॅक्टरमध्ये डायनामो होता. कितीतरी वर्षं गोठ्यात उभा असलेला करडा ट्रॅक्टर, सीटवर कोंबडीनं घरटं केलेलं. मी बॅटरी आणली आणि सवयीनं काळी तार बॉडीला लावायला गेलो. मागून डोनल ओरडला, "अरे थांब! याची लाल तार बॉडीला!" मला वाटलं माझी परीक्षा घेतोय. तर खरंच, त्या काळातल्या इंग्रजी गाड्या उलट्या असायच्या, बॉडीला पॉझिटिव्ह. मी आयुष्यभर जे सुलटं समजत होतो त्याच्या बरोब्बर उलटं जोडून तो ट्रॅक्टर शेतं नांगरत होता, आणि त्याचं काही अडलं नव्हतं.

तर तो सुरू झाला, पण चार्ज करेना. डायनामोला लाल दिव्याचं विरजण लागत नाही. त्याचं विरजण त्याच्या लोखंडातच असतं. एकदा चुंबक झालेलं लोखंड करंट बंद झाल्यावरही थोडंसं चुंबकपण धरून ठेवतं. भांड्याला चिकटलेल्या दह्यासारखं. इतकी वर्षं उभा राहून हा ते विसरला होता. मी बॅटरीच्या गरम, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या, टोकापासून एक तार घेतली आणि डायनामोच्या लहान टोकाला क्षणभर टेकवली. एक ठिणगी पडली. बस्स. परत इंजिन फिरवलं तर चार्जिंगचा काटा सरकला. लोखंडाला आठवण आली! डोनल म्हणाला, "सोमवारपासून ये." पुढं ट्रॅक्टरवर हात ठेवून म्हणाला, "ग्रँड." तो शब्द ट्रॅक्टरला होता की मला, अजून माहीत नाही.

लोखंडाची ही आठवण लक्षात ठेवा. पुढं ती कामाला येणार आहे.

नोराबाईंची गोष्ट गेल्या हिवाळ्यातली.

इथं ऐंशी वर्षांच्या माणसालाही नावानंच हाक मारतात. मी सुरुवातीला 'मिसेस' म्हणायचो, तर त्या चिडल्या, "मिसेस माझी सासू होती, आणि ती चांगली नव्हती." तेव्हापासून तोंडानं नोरा आणि मनात नोराबाई. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. घर बोरीनच्या टोकाला. बोरीन म्हणजे एक गाडी जाईल एवढा शेतातला रस्ता, मधोमध गवत वाढलेला. बस नाही. चर्चला, दुकानात आणि हॉलमध्ये पत्ते खेळायला त्या स्वतःच्या गाडीनं येतात. गाडी पस्तीस वर्षांची, चौकोनी तोंडाची, वीटकरी रंगाची.

गाडीची बॅटरी दर दोन-तीन दिवसांनी मरत होती. त्यांचा मुलगा टिम दुधाचा टँकर चालवतो. सकाळी येऊन तो चार्जर लावायचा, गाडी चालू व्हायची, की परत दोन दिवसांनी मेलेली. एका गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलून दिली, दुसऱ्यानं तपासून सांगितलं, चार्जिंग उत्तम आहे. मग उरलं काय? टिमनं काढलेला अर्थ एकच: आई दिवे बंद करायला विसरते.

तो गाडी घेऊन आमच्याकडे आला तेव्हा नोराबाई शेजारच्या सीटवर बसून होत्या, हँडबॅग मांडीवर घट्ट धरून. टिम मला बाजूला घेऊन म्हणाला, "एकदा शेवटचं बघ. परवा वळणावर बंद पडलेली सापडली, पावसात, अंधार पडत आलेला. मी टँकर घेऊन त्याच वळणावरून येत होतो. समजतंय ना? गाडीत दोष नसेल तर रविवारी किल्ली मी ठेवून घेणार." तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

नोराबाई काच खाली करून म्हणाल्या, "मला ऐकू येतं, टिम. कान गेलेले नाहीत अजून."

"मॅम, मी कुठं काय म्हटलं?" टिम म्हणाला. इकडे आईला मॅम म्हणतात.

"मी दिवे बंद करते."

"परवा खटका बंद होता, कारण बॅटरी मेल्यावर तू तो बंद केलास."

त्यांनी हँडबॅग आणखी घट्ट धरली. बोलणार काय? असल्या आरोपाला पुरावा नसतो. खटका चालू सापडला तर विसरली, बंद सापडला तर मागाहून केला.

मी गाडी आत घेतली. स्पीडोमीटरच्या काचेच्या कोपऱ्यात संत क्रिस्टोफरचं एक गोल पदक चिकटवलेलं होतं. प्रवाशांचा राखणदार तो. खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणारा माणूस. पहिल्यांदा हे चित्र बघितलं तेव्हा मला वाटलं, हा तर आपला वसुदेव, फक्त टोपली विसरलाय. मी नमस्कार केला आणि कामाला लागलो. रज्जाकचाचांचा नियम होता, गाडीतला देव कुणाचाही असो, तेलकट हात लावायचा नाही, जागचा हलवायचा नाही. मालकानं बसवलाय तिथंच तो बरा.

मग आपली नेहमीची पद्धत. बॅटरीला मीटर लावला, गाडी चालू केली आणि रेस दिली. आपल्याकडं कुठल्याही गॅरेजात उभे राहा, दर पाच मिनिटांनी आरोळी ऐकू येते: "रेस दे! अजून दे!" अॅक्सिलरेटर दाबल्याशिवाय आम्हाला गाडी चालू झाल्यासारखीच वाटत नाही. मीटर चौदा व्होल्टवर गेला. चौदा म्हणजे पंप जोरात, टाकी भरतेय. दिवे लावले, वायपर लावले, तरी चौदा. पट्टा घट्ट, अर्थिंग स्वच्छ. गाडी बंद करून कुणी चोरून करंट पितंय का तेही पाहिलं. कुणी पीत नव्हतं.

बाहेर येऊन मी म्हटलं, "गाडीत काही दोष नाही."

किती वर्षं मी हे वाक्य आनंदानं बोलत आलोय. हे ऐकून माणसं हात जोडतात, चहा पाजतात. त्या दिवशी ते तोंडातून निघालं आणि नोराबाईंचा चेहरा बघून मला कळलं, मी निकाल वाचून दाखवलाय. गाडीत दोष नाही म्हणजे दोष त्यांच्यात. डोनल नजर चुकवून हात पुसायला लागला. टिमनं मान हलवली. त्यालाही जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

नोराबाई माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तू सरळ माणूस दिसतोस. खरं सांग. गाडी आहे की मी?"

मी मीटर परत उचलला. म्हणालो, "रविवारपर्यंत बघतो."

घरी सुनीताला सांगितलं. तिच्या वॉर्डात विसरणारी माणसं खूप असतात. ती म्हणाली, "हे बघ, 'मी विसरले नाही' असं दोघंही तेवढ्याच ठामपणे म्हणतात. विसरलेलाही आणि न विसरलेलाही. बाईंच्या तोंडाकडे बघून तुला कळायचं नाही. तू गाडीकडेच बघ."

"गाडीकडे बघून झालं."

"त्या चालवत असताना बघितलीस?"

घास हातातच राहिला. नव्हती बघितली. गाडी मी चालू केली होती, रेस मी दिली होती. माझ्या आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनीही तेच केलं असणार. ती गाडी रोज जिच्या पायाखाली असते ती बाई सगळा वेळ बाहेर खुर्चीवर बसलेली होती.

शुक्रवारी दुपारी त्या हॉलवर पत्ते खेळायला जाणार होत्या. मी डोनलला विचारलं, त्यांच्या बाजूला बसून जाऊ का? तो म्हणाला, "जा. पण सावकाश चालवते ती. डबा घेऊन जा." जरा थांबून म्हणाला, "सापडलं तर बरं होईल, बॉय. गेल्या वर्षी माझ्या आईच्या शवपेटीमागं हीच गाडी हळू चालवत आली होती ती." एवढं बोलून तो गाडीखाली शिरला. त्या लोकांचं असंच आहे. मोठं बोलायचं असलं की तोंड गाडीखाली.

सिगारेट लायटरच्या भोकात मी मीटरची पिन बसवली आणि मीटर मांडीवर घेतला. नोराबाईंनी किल्ली फिरवली. झोपलेल्या बाळाशेजारून उठावं तशी गाडी सुरू केली. अॅक्सिलरेटरला पाय लागला की नाही कळलंच नाही. लगेच दुसरा गिअर, लगेच तिसरा. इंजिन नुसतं पुटपुटत होतं.

"एवढी सावकाश का?" मी विचारलं.

"लोकांना सलाम करायला वेळ नको का?"

इकडे केरीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, गाडी चालवताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करतात. हात नाही, एक बोट. नोराबाईंचं ते बोट खाली येतच नव्हतं. वर बोट उचललं की त्या माणसाचा इतिहास. "हा जॉन जो. याचा कुत्रा लंगडतो, डाव्या मागच्या पायानं. ही त्याची मेव्हणी, लग्नात हिनं पांढरे बूट घातले होते आणि नवरीनं काळे. तो लाल ट्रॅक्टरवाला, तो गेल्या शुक्रवारी हुकमाची पंजी, आमच्या खेळातलं सगळ्यांत मोठं पान, दाबून बसला आणि शेवटच्या हातात टाकली. आधीची एकूणएक पानं सांगू का?" आणि त्यांनी सांगितली. पत्त्याचा एक डाव, आठवड्यापूर्वीचा, पानापानानं. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, वर ढग उघडून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर पडलेला, आणि मी आ वासून बघत होतो तो या बाईंकडं.

मग मांडीवर बघितलं. मीटर बारावर.

पहिल्यांदा वाटलं मीटरच बिघडला. झटकला. बारा. दोन मैल, तीन मैल, बारा आणि थोडा खालीच. पंप बंद! टाकीतलं पाणी नुसतं उपसलं जात होतं. गॅरेजात चौदा देणारी गाडी हीच.

"नोरा, जरा थांबवा. आता न्यूट्रलमध्ये रेस द्या. जोरात."

"का? काय केलंय बिचारीनं?"

"द्या तर."

त्यांनी डोळे मिटून पाय दाबला. गाडी किंचाळली. मीटर बारावरून टुणकन चौदावर गेला. पाय काढला, इंजिन परत पुटपुटायला लागलं, मीटर चौदावरच. बंद केली, परत हळुवार चालू केली. बारा. रेस. चौदा.

मला हसू यायला लागलं. विरजण! या गाडीला विरजण मिळतच नव्हतं. तरी जोरात फिरवलं की लोखंडाच्या त्या जुन्या, चिकटून राहिलेल्या आठवणीवर ती कशीबशी जागी होत होती. न धुतलेल्या भांड्यात दूध ओतलं तर कधी कधी दही लागतं, पण ऊब पाहिजे. आम्ही सगळे रेस देऊन ऊब देत होतो आणि म्हणत होतो, बघा, छान लागलंय की दही. नोराबाई कधी ऊबच देत नव्हत्या. त्यांना सलाम करायचे होते.

विरजण नाही म्हणजे लाल दिवा नाही. मी किल्ली निम्म्यावर फिरवायला सांगितली आणि दिवा शोधायला लागलो. ऑइलचा पेटला होता, ब्रेकचा पेटला होता. बॅटरीचा दिसेना. म्हणजे त्याची खिडकीच दिसेना. बघतोय, बघतोय, आणि माझी नजर संत क्रिस्टोफरवर थांबली. मूल खांद्यावर घेऊन तो बरोब्बर त्या जागी उभा होता. रज्जाकचाचा मला पहिल्या दिवसापासून सांगत आले होते, चार्जिंगची तक्रार आली की सगळ्यात आधी लाल दिवा बघ. आणि त्यांनीच सांगितलं होतं, देवाला हात लावू नको. दोन्ही आज्ञा एकाच जागी आल्या आणि मी दुसरी पाळली होती. आधीचे दोघं गॅरेजवाले तर त्याच्याच धर्माचे. त्यांनीही हलवला नसणार.

"काय शोधतोस?" नोराबाईंनी विचारलं.

"एक लाल दिवा. तो... यांच्या मागं असावा."

"मग काढ की."

"माझे हात तेलकट आहेत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. आणि नखानं टचकन पदक उचकटून काढलं. "हा प्लास्टिकचा आहे, पोरा. खरा वर आहे. बहिणीनं यात्रेहून आणला आणि सपाट जागा दिसली तिथं चिकटवला."

पदकाखाली बॅटरीच्या चित्राची खिडकी होती. काळीभोर. बल्ब गेलेला. कधी गेला देव जाणे, म्हणजे क्रिस्टोफर जाणे.

मी त्यांना समजावून सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, विरजणाच्या जागी पाव फुगवायचं आंबवण घालून. त्या रोज सोडा ब्रेड करतात, त्याला आंबवण लागत नाही, म्हणून जरा घोटाळा झाला. पण शेवटी कळलं. त्यांनी ते पदक हँडबॅगेत टाकलं. मग म्हणाल्या, "हॉलच्या दारातून मी तीन-तीनदा मागं यायला लागले होते. दिवे बघायला. बंदच असायचे. तरी आत जाऊन बसलं की वाटायचं, बंद बघितले ते आज की मागच्या शुक्रवारी? मलाच माझा भरवसा वाटेनासा झाला होता." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि गाडी चालू केली. "चल. डावाला उशीर होतोय. आणि हो, रेस देऊ का?"

शनिवारी टिम आला. बल्ब मी बदलला होता, पण त्याला सांगितलं काहीच नाही. त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि किल्ली निम्म्यावर फिरवायला लावली. त्या रिकाम्या कोपऱ्यात लाल दिवा लागला. मग म्हटलं, चालू कर, पण आईसारखी. तो समजला नाही. नोराबाई बाहेरून म्हणाल्या, "अंडी डोक्यावर ठेवल्यासारखी." त्यानं केली. दिवा विझला. मी मीटर त्याच्यापुढं धरला. चौदा, रेस न देता.

मी सगळं सांगितलं. टिमनं एवढंच विचारलं, "म्हणजे दिवे?"

"दिवे बंद होते. प्रत्येक वेळी."

तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. मग उतरला आणि आईपुढं मान खाली घालून उभा राहिला. एवढा टँकर हाकणारा गडी. नोराबाईंनी त्याची कॉलर सरळ केली. म्हणाल्या, "वळणावर तू मला धडकला असतास तर दूध सांडलं असतं सगळं." तो हसला आणि तोंड फिरवून कोपऱ्यातल्या ट्रॅक्टरकडे बघत उभा राहिला. आणि मग किल्ली, जी रविवारी त्याच्या खिशात जायची होती, ती त्यानं आईच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटवली.

जाताना नोराबाईंनी पदक माझ्यापुढं केलं. "तूच लाव. पण दिव्यावर नको. बाजूला, त्यालाही दिवा दिसेल असा."

मी आत गेलो. साबणानं हात धुतले, दोनदा, नखांतलं काळं जाईपर्यंत. मग पदक लावलं. डोनल बघत होता. त्या दिवसापासून तोही कुणाच्या डॅशबोर्डवरच्या पदकाला हात लावायचा असला की आधी सिंककडं जातो. का, ते मी विचारलेलं नाही.

हे मी हुशारीनं शोधलं असं मला अजिबात वाटत नाही. बायकोनं विचारलं नसतं तर मी गेलोच नसतो, आणि नोराबाईंनी नखानं उचकटलं नसतं तर कदाचित अजून त्या पदकाला नमस्कार करत बसलो असतो. कधी कधी भीती वाटते, आधीच्या किती गाड्यांना मी रेस देऊन 'दोष नाही' म्हणून पाठवलं असेल, आणि त्या गाडीमागं कुणाच्या डोक्याला बोल लागला असेल. त्याचा हिशोब लागणार नाही. आता मात्र पहिल्यांदा विचारतो, ही गाडी चालवतं कोण? आणि त्यांनाच चालू करायला लावतो.

नोराबाई अजून शुक्रवारी गॅरेजवरून जातात. पुटपुटत, तिसऱ्या गिअरमध्ये. मागं दोन-तीन गाड्या तुंबलेल्या असतात. दारापाशी आल्या की एक बोट वर होतं, काच खाली येते आणि त्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, "लागला आणि विझला, सुनील!"

आपल्याकडं दिवा विझला असं म्हणत नाहीत, अशुभ असतं. दिवाळीच्या अंकात तर मुळीच म्हणू नये. पण हा एक दिवा असा आहे की तो लागून विझला म्हणजेच सगळं नीट आहे. मी पान्हा खाली ठेवतो आणि एक बोट वर करतो.